लताच्या साडीची घडी

होळी तोंडावर आली की धाकूचे हात घासायचे काम त्याच्या बायकोकडे, सुगंधाकडे असे.

साकीनाक्याला बफिंगच्या कारखान्यात धाकू पितळी नळ चकचकीत करी. फिरत्या चाकावर नळ दाबून धरायचा, चाकाला मधूनमधून पॉलिशच्या मसाल्याची वडी लावायची. त्या वडीचा, चाकाच्या कापडाचा आणि पितळेचा मिळून जो काळा भुगा उडे तो नाकात, कानात, नखांच्या मुळाशी जाऊन बसे. संध्याकाळी नाकावरचा रुमाल सोडला की त्याखालचा तेवढाच तुकडा माणसाच्या रंगाचा दिसे. एरवी धाकू साबणाने निघेल तेवढे काढी आणि जेवायला बसे. पण फाल्गुन लागला की सुगंधा त्याला दारातल्या दगडावर बसवी आणि आधी रॉकेलचा बोळा, मग चिंच, मग राख लावून एकेक बोट घासून काढी. राधेचे हात काळे असून कसे चालतील?

"सावकाश गो. साल काढतेस काय?"

"निघू दे साल. नखं बघा ती. खाणीतनं उपसून काढल्यागत."

टेकडीखालच्या नळावरून शेजारची शकु पाणी घेऊन वर येत होती. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. दम खायला ती त्यांच्या दारात थांबली.

"काय गो सुगंधा, राधेला न्हाऊ घालतेस?"

"व्हय. ये, टाचा तेवढ्या तू घास."

"नको गो बाय. माझ्या घरचा कृष्ण रुसंल," म्हणत शकु हसत हसत चढाला लागली आणि हंड्यातले पाणी तिच्या पाठीवर सांडले. धाकूही हसला.

असल्फ्याच्या टेकडीच्या या अंगाला सगळी कोकणातल्या एकाच वाडीची घरे होती. गिरण्या बंद पडल्यावर परळच्या खोल्या सोडून एकामागून एक माणसे इकडे सरकली. कुणी प्रेसवर लागला, कुणी प्लॅस्टिकमध्ये, कुणी रंगकामात. शिमग्याला सगळ्यांना गावी जाणे जमत नसे, म्हणून वाडीचे नमन इथेच, टेकडीच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत उभे राही. मृदंग वाजे, गणपती येई, संकासुर येई, कृष्ण येई. कृष्णाच्या आधी राधा येई. राधा म्हणजे धाकू.

वाडीचा एक जुना रिवाज होता. वर्षात ज्या घरात सून आली असेल त्या घराने तिला शिमग्याची साडी घ्यायची. पण सुनेने ती लगेच नेसायची नाही. नमनाच्या दिवशी आधी राधेने नेसायची. घडी राधेने मोडली की मग ती साडी सुनेच्या अंगाला लागायची. एका वर्षी तीन सुना आल्या होत्या, तेव्हा धाकू तीनदा आत जाऊन साडी बदलून आला होता आणि धोंडूचे हात मृदंगावर बडवून बडवून सुजले होते. पूर्वी साडी नऊवारी असे. आता पोरी पाचवारी नेसतात, तर राधाही पाचवारी नेसे.

या वर्षी सून धाकूच्याच घरात आली होती. चंदूची बायको, लता. मुलुंडची पोर. घाटकोपरच्या बाजारात सुगंधाने चार दुकाने पालथी घालून तिच्यासाठी मोरपंखी रंगाची, बारीक जरीच्या काठाची साडी आणली होती. ती ट्रंकेत वरच ठेवलेली होती. इतकी वर्षे धाकूने दुसऱ्यांच्या घरच्या साड्यांच्या घड्या मोडल्या, आता स्वतःच्या सुनेच्या साडीची पाळी आली. तो बोलून दाखवत नसे, पण ट्रंक उघडली की त्याची मान तिकडे वळे.

सुगंधाला या गोष्टीचे किती होते ते धाकूलाच ठाऊक होते. ती सून म्हणून वाडीत आली त्या वर्षी जुना राधा अंथरुणाला खिळलेला होता. नमन राधेवाचून झाले. तिने आपली साडी तशीच नेसली. पुढे दोन मुले झाली आणि दोन्ही गेली, एक तर बारशाआधीच. तेव्हा धाकू खेळ्यांत टाळ वाजवी. तिसऱ्या शिमग्याला तो गिरणीतून सुट्टी घेऊन आला तो मिशी काढून. बायकोसाठी नवी साडी घेऊन आला होता. मांडावर जाऊन म्हणाला, "औंदा राधा मी होतो." ती साडी त्याने नेसली, नाचला आणि सकाळी सुगंधाच्या हातात दिली. त्यानंतर चंदू झाला आणि राहिला.

म्हणून मंडळाचा सेक्रेटरी काशीराम जेव्हा तोंड पाडून दारात आला, तेव्हा सुगंधाची नजर आधी ट्रंकेकडे गेली.

"धाकूदादा, परवानगीचं लफडं झालंय," काशीराम म्हणाला. "पोलिसांचा साहेब औंदा नवीन आलाय. म्हणतो, बाईचं काम करणारा माणूस समोर आणा."

"कशाला?"

"बघायचा असंल. माझं ऐक, वयनीला पण घे. संसारी माणूस हाय म्हटल्यावर साहेब जरा नरम पडंल."

आतापर्यंत कुणी परवानगी मागितली नव्हती, कुणी विचारलेही नव्हते. पण खाली रस्त्याला लागून नव्या बिल्डिंगी उठल्या होत्या, तिथून लाउडस्पीकरबद्दल तक्रार गेली होती. अर्ज कुंडलिकने लिहून दिला. कुंडलिक धाकूच्या शेजारच्या चाकावर काम करी. साताऱ्याकडचा, बौद्धवाड्यातला माणूस, अक्षर छापल्यासारखे. तोही सोबत आला.

पोलीस ठाण्यात त्यांना बाकावर बसवून ठेवले. पंखा होता, पण तो साहेबांच्या खोलीत. सुगंधाने पदराने मान पुसली आणि धाकूचे हात बघितले. घासून घासून लाल झालेले हात मांडीवर ठेवून तो शाळेतल्या पोरासारखा बसला होता. बऱ्याच वेळाने आत बोलावले.

साहेब चंदूपेक्षा थोडाच मोठा असेल. अर्ज वाचून त्याने वर बघितले.

"यातला बाई होणारा कोण?"

धाकू पुढे झाला.

"वय?"

"अठ्ठेचाळीस, साहेब."

"मुलंबाळं?"

"एक मुलगा हाय. सून आलीय औंदा."

"सून आली घरात, आणि तू साडी नेसतोस?"

बाजूचा हवालदार लिहिता लिहिता गालात हसला. कुंडलिक म्हणाला, "साहेब, देवाचं आहे. नमन."

"देवाचंच असतं सगळं. गेल्या गणपतीत पलीकडच्या वस्तीत ऑर्केस्ट्रा होता. तिथं पण एक जण बाई होऊन नाचला. पोरं स्टेजवर चढली, त्याची साडी फेडली. दगड पडले. माझ्या शिपायाचं डोकं फुटलं. ते मंडळ पण म्हणालं, देवाचं आहे." साहेबाने कागदावर ओळ ओढली. "या हद्दीत पुरुषाने बाईचा वेष करून नाचायचं नाही. परवान्यात अट घालतोय."

सुगंधाला गप्प बसवेना. "साहेब, साडी फेडणाऱ्यांना धरा की. नेसणाऱ्यानं काय केलंय?"

"ही कोण?"

"माजी मंडळी, साहेब," धाकू पुटपुटला.

"तुला चालतं गं, नवरा बाई झालेला?"

"मीच नेसवते, साहेब."

खोलीतले सगळे हसले. हवालदाराने पेन खाली ठेवले. साहेब मात्र हसला नाही. जरा मऊ आवाजात म्हणाला, "हे बघा बाई, सोपं आहे. बाईचं काम बाईला द्या. तुम्हीच व्हा राधा."

"मला कसं होता येईल?" सुगंधा गोंधळून म्हणाली. "राधा पुरुषमाणूस असतो."

आता दारातला शिपाईसुद्धा हसला. काशीराम सुगंधाला कोपराने ढोसू लागला. अट मोडली तर नेसणारा आत जाईल आणि मंडळाची माणसेही, एवढे साहेबाने सांगितले. काशीरामने सही केली. धाकूने, त्याला कुणी सांगितले नव्हते तरी, साहेबाला वाकून नमस्कार केला.

परतताना घाटकोपर रोडवर लॉऱ्यांची धूळ उडत होती. काशीराम पुढे निघून गेला. तिघे जण कडेने चालत राहिले.

"धाकूभाऊ, एक बोलू?" कुंडलिक म्हणाला. "माझा आजा तमाशात नाच्या होता. जत्रेत देवापुढंच नाचवायचे त्याला. नाचताना गंमत म्हणून पदर ओढायचे, आणि सकाळी पाणी मागितलं की वरून ओतायचे. आम्ही दीक्षा घेतली त्या वर्षी बापानं आज्याचे घुंगरू विहिरीत टाकले. आजा रडला, पण अडवलं नाही त्यानं."

"म्हंजे तुमाला आज बरंच वाटलं असंल," सुगंधा म्हणाली.

"बरं वाटलं असतं तर अर्ज कशाला लिहिला असता, वहिनी? पण मला राधा बघताना आजा दिसतो. म्हणून मी कधी पुढं बसत नाही. मागं उभा राहतो."

"आमच्यात पदर कोण ओढत नाय, कुंडलिक," धाकू म्हणाला. "पाया पडतात."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही तुमच्या माणसांपुढं नाचता."

चढ लागला तसा धाकूला खोकला आला. काळा बेडका त्याने गटारात टाकला आणि पायाने वर माती लोटली.

घरात लता प्लॅस्टिकच्या चमच्यांच्या ढिगापाशी बसली होती. कारखान्यातून पोत्याने चमचे येत. त्यांच्या कडेला राहिलेली प्लॅस्टिकची कोर ब्लेडने काढून द्यायची. सासूसुना दिवसभर तेच करत. लताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. चंदू कंपनीतून आला होता. सीप्झमध्ये तो पॅकिंगला होता. सगळे ऐकून त्याने शर्टाची बटणे काढली आणि म्हणाला, "बरं झालं."

"काय बरं झालं रे?" सुगंधा उसळली.

"आये, तुला नाय माहीत. पोरं मला कँटीनमध्ये विचारतात, काय चंद्या, बाप आज पँटीत आलाय का साडीत? वाट लागते यार डोक्याची."

धाकू भिंतीला टेकून बसला होता. तो नखांत उरलेला काळा भुगा कोरू लागला.

"आई, मग माझ्या साडीचं काय?" लताने हळूच विचारले.

"नेस उद्या. साडीच ती," चंदू म्हणाला.

"खबरदार हात लावलास तर," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की लताच्या हातातला चमचा खाली पडला. "साडीच ती म्हणे. तू कसा झालास ते विचार बापाशीला."

संध्याकाळी काशीराम आणि धोंडू मृदंगवाला आले. काशीरामचे म्हणणे, औंदा राधा काढून टाकू, संकासुर झाला की थेट कृष्ण आणू.

"आणि त्या कृष्णानं अडवायचं कुणाला?" धोंडू म्हणाला. "हवालदाराला?"

"मग काय सगळ्यांनी आत बसायचं, मेल्या?"

दोघांची जुंपली. सुगंधा चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढे साहेबाचा कागद होता. वेष करायचा नाही. नेसायचे नाही. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"नेसू नको म्हणालेत ना?" ती म्हणाली. "खांद्यावर घेऊ नको असं कुठं म्हणालेत?"

"म्हंजे कसं, वयनी?" धोंडूने विचारले.

"लेंगा-शर्ट घालतील. साडी खांद्यावर घेतील आणि नाचतील. देवाला दिसंल की साडी राधेच्या अंगाला लागली. झाली घडी मोडून."

काशीरामने मांडीवर थाप मारली. "वयनी, तू वकील व्हायला पायजे होतीस!"

"माजा पाय उचलत नाय गो साडीबिगर," धाकू म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच काही ठाम बोलला. "निऱ्या पायात घोळतात ना, तेव्हा चाल येते. डोक्यावर पदर असला की मान आपसूक लवते. लेंग्यात कशी येईल?"

"लोक काय साडी बघायला येतात? तुमाला बघतात. तुमी नुसते उभे राहिलात तरी वळखतील, राधा आली म्हणून."

धाकूने तिच्याकडे बघितले. "तुला वाटतं असं?"

"वाटतं काय, म्हाईत हाय मला."

त्याने आपले तळहात एकदा उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर."

नमनाच्या दिवशी ऊन कलले तेव्हापासून माणसे येऊ लागली. टेकडीवरची घरे रिकामी झाली. वाकोल्याहून, मुलुंडहून वाडीचे पाहुणे आले. पुढच्या रांगेत दोन खुर्च्यांवर हवालदार आणि शिपाई येऊन बसले. काशीरामने त्यांना थंडा आणून दिला. पाठीमागे बिल्डिंगमधली पोरे सायकली टेकवून उभी होती आणि त्यांच्याही मागे, विजेच्या खांबापाशी, कुंडलिक.

पडद्याआड सुगंधा नेहमीप्रमाणे गेली खरी, पण तिथे तिला काम नव्हते. दरवर्षी या वेळी तिचे हात चालत असत. निऱ्या घ्यायच्या, पिना लावायच्या, कमरेशी बोट घालून साडी घट्ट बसली का बघायची, गंगावन बांधायचे, कपाळावर कुंकू रेखायचे. कुंकू लावून झाले की ती स्वतःच आधी राधेच्या पाया पडे, आणि तेव्हा समोरचा माणूस आपला नवरा आहे हे तिला आठवतही नसे. आज धाकू पांढऱ्या लेंग्यात आणि पांढऱ्या शर्टात उभा होता. लग्नात पंगतीला वाढायला आलेल्या माणसासारखा.

"बांगड्या?" तिने विचारले.

"नको वयनी," काशीराम म्हणाला. "उगाच कशाला. कुंकू पण नको."

तिने मोरपंखी साडी घडीसकट धाकूच्या डाव्या खांद्यावर ठेवली, वरचा एक पट तेवढा उलगडून पुढे सोडला. पाया पडायला ती वाकली, पण अर्ध्यातच थांबली आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. मग ती बायकांत जाऊन बसली. शेजारी लता होती, अंगावर जुनी साडी, मांडीवर ओटीचे ताट.

धोंडूने मृदंगावर राधेचा ठेका धरला. म्हाताऱ्या बायांनी सवयीने हात जोडले. धाकू आला.

पहिल्या चार पावलांना कुणी हसले नाही. सगळे वाट बघत होते. धाकू अंग चोरून, एक पाऊल पुढे, अर्धे मागे असा येत होता, गालाशी हात, मान तिरपी, कंबर मृदंगाच्या बोलावर हलके लचकत. पाऊल तेच होते, एवढ्या वर्षांचे. पण साडीत ते पाऊल कधी दिसत नसे. नुसता काठ थरथरे आणि लोकांना वाटे, राधा पाण्यावरून चालत येते आहे. आता सगळेच दिसत होते. आखूड लेंग्याखालच्या केसाळ काटक्या पोटऱ्या दिसत होत्या. शर्टाखाली लोंबणारे लेंग्याच्या नाडीचे टोक ठेक्यावर झुलत होते. पोट दिसत होते.

मागून शिट्टी आली.

"ओ काका, पोटात कळ आली काय?"

पोरे हसली. मग शिपाई हसला, मग हवालदार. हसू मागून पुढे आणि पुरुषांतून बायकांत आले. मुलुंडची एक पाहुणी पदर तोंडात धरून हलू लागली. शकुचे खांदे गदगदत होते. सुगंधाने रागाने मागे वळून बघितले, कुणाकुणाची तोंडे लक्षात ठेवली आणि ती पुन्हा समोर वळली.

धाकू कृष्णाची वाट बघायच्या जागी आला होता. इथे राधा एक पाऊल उचलून उभी राही, डोळ्यांवर हाताची सावली करी आणि बायका बसत त्या बाजूला बघे. दरवर्षी त्या वेळी त्याची नजर सुगंधावर येई. त्याने पाय उचलला, हात कपाळाला लावला आणि खांद्यावरची साडी घसरली. ती पडू नये म्हणून त्याने हनुवटी खाली दाबून ती धरली. एक पाय वर, हनुवटीत साडी, डोळे मोठे झालेले.

सुगंधाला हसू आले.

उचकी यावी तसे ते आले, आणि तोंडाला हात लावेपर्यंत बाहेर पडूनही गेले. तिच्या समोर एक पोट सुटलेला माणूस एका पायावर उभा होता. राधा कुठे नव्हती. तिने हात तोंडावर दाबून धरला, तेव्हा धाकू तिच्याकडेच बघत होता.

त्याने पाय खाली टेकवला, साडी खांद्यावर नीट घेतली आणि पुढचे पाऊल टाकले. तो मध्ये थांबला नाही. कृष्ण आला, त्याने वाट अडवली, राधेने रुसायचे तेवढे रुसून घेतले. टाळ्या कधी नव्हेत एवढ्या पडल्या. एक म्हातारी ओटी भरायला उठली, पण भरणार कशात? पदरच नव्हता. ती ताट घेऊन तशीच उभी राहिली. धाकूने दोन्ही हात पुढे केले. तिने नारळ हातावर ठेवला, तांदूळ घातले. तांदूळ बोटांच्या फटींतून मातीत पडले. पाया पडायला कुणी आले नाही.

जाताना हवालदार धाकूची पाठ थोपटून म्हणाला, "झकास! हे असं करा दरवर्षी. कुणाची तक्रार नाही."

घरी आल्यावर धाकूने साडी ट्रंकेवर ठेवली. घामाने वरची एक पट्टी ओली झाली होती. बाकीची घडी दुकानातल्यासारखी होती. सुगंधाला वाटले, आता हा ओरडेल. शिव्या देईल, ताट ढकलेल. ती तयार होऊन बसली होती. धाकूने भात कालवला, सोलकढी मागून घेतली, जेवला आणि कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी लता मुलुंडला आईकडे जायला निघाली. साडीकडे बघत ती घुटमळली. "आई, नेसू का?"

सुगंधाने साडीवरून हात फिरवला. नेस म्हणावे तर घडी राधेने मोडलेली नव्हती. नको म्हणावे तर कधीपर्यंत?

"नेस गो पोरी," धाकू दारातून चप्पल घालता घालता म्हणाला. "औंदाची राधा आली नाय. पुढं पण आता कोण येतंय."

लता साडी नेसली. तिला ती शोभून दिसत होती. ती टेकडी उतरू लागली तेव्हा सुगंधा दारात उभी राहिली. पाठीवर, मांडीवर, घडीच्या आडव्याउभ्या रेघा ठसठशीत उमटलेल्या होत्या. वळणाआड जाईपर्यंत सुगंधाने त्या रेघांवरून डोळे काढले नाहीत. मग तिने ज्या देवाला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती त्यालाच हात जोडले.

ऊन वाढत गेले. टेकडीचा दगड तापू लागला, नळाचे पाणी कमी झाले. धाकू कामावर जाई, येई. कारखान्यात चाकाचा एक तुकडा उडून त्याच्या दंडाला लागला, त्यावर सुगंधाने हळद दाबली. तेव्हाही तिला वाटले, आता बोलेल. तो म्हणाला, "जरा हळू." एवढेच. ती चमचे साफ करत बसे आणि मनाशी जुळवणी करी, की मी तुमाला नाय हसले, ती साडी घसरली म्हणून हसले. पण तो समोर बसला की ती उठून त्याच्या ताटात आणखी भात वाढी.

एका रविवारी काशीराम आला, हातात पेढ्यांचा पुडा.

"धाकूदादा, वाकोल्याच्या मंडळाचा निरोप आलाय. उत्सवाच्या कार्यक्रमात त्यांना आपली राधा पायजे. ती तशीच, लेंग्यातली. पब्लिकला लय आवडली म्हणतात. हसून हसून पोटं दुखली लोकांची. पोलिसांचं पण लफडं नाय."

सुगंधाच्या हातातले ब्लेड थांबले. आता तरी हा उठेल आणि काशीरामला पुड्यासकट बाहेर काढेल, असे तिला वाटले.

"येतो म्हणून सांग," धाकू म्हणाला.

काशीराम खूश होऊन गेला. सुगंधाने पुडा बाजूला सारला.

"तुमी व्हय म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

"ते लोक हसायला बोलवतात तुमाला."

"लोकांना हसू येतं," धाकू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "तुला पण आलं."

बाहेर शकुच्या घरी रेडिओ लागला होता. सुगंधाने मान खाली घातली. माफी मागायची असती तर ती हीच वेळ होती, आणि तिचे ओठ हललेही. पण धाकू तोवर उठला होता. त्याने खिळ्यावरचा पंचा काढून डाव्या खांद्यावर टाकला. खोलीच्या मधोमध उभा राहून तो पावले घेऊ लागला. एक पुढे, अर्धे मागे. दोन पावलांनंतर तो थांबला, पोट जरा पुढे काढले आणि पुन्हा सुरुवात केली.

"सांग गो," तो म्हणाला. काम शिकणारा माणूस उस्तादाला विचारतो तसे त्याने विचारले. "तू कुठं हसलीस? पाय उचलला तिथं, का साडी धरली तिथं?"

त्याने पाय उचलला. खांदा पाडून पंचा घसरू दिला आणि हनुवटीत पकडला. एका पायावर उभा राहून, डोळे मोठे करून तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरोखरच उत्तर हवे होते. म्हातारपणाकडे झुकलेला पाय थरथरत होता, पण तो खाली टेकवत नव्हता.

"तिथं," सुगंधा म्हणाली. "हनुवटीत धरलीत तिथं."

धाकूने मान हलवली.

"मग तिथं जरा जास्त थांबाया पायजे," तो म्हणाला, आणि त्याने पहिल्यापासून पावले घ्यायला सुरुवात केली.